तास, एमबी आणि वेग : घरातल्या इंटरनेटच्या हिशोबाचा इतिहास



घरात दर महिन्याला किती तरी बिलं येतात. वीज युनिटवर, दूध लिटरवर, किराणा किलोवर. आपल्या सासूबाईंच्या काळातही ही मापं अशीच होती. इंटरनेटच्या बिलाचं माप मात्र तीस वर्षांत पार बदलत गेलं. आधी ते तासावर मोजलं जाई, मग एमबीवर मोजलं जाऊ लागलं आणि आता वेगावर मोजलं जातं.

मी वाणिज्य शाखेची. माप बदललं की व्यवहार बदलतो, हे आम्हाला हिशोबाच्या पहिल्या धड्यांतच कळलं होतं. इंटरनेटच्या बाबतीत तर माप बदललं तसं घरात कॉम्प्युटरसमोर कोण बसणार, हेही बदललं. आज नवं कनेक्शन घेताना आपण "किती एमबीपीएस?" आणि "किती रुपये?" एवढंच विचारतो. पण एक तार घरातल्या पाच जणांत कशी वाटली जाते आणि त्यात आपल्या वाट्याला काय येतं, हे समजायचं तर थोडं मागे जायला हवं.

तासाचा हिशोब

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएल, या सरकारी कंपनीने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याआधी ते शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांपुरतं होतं. सुरुवात मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या शहरांतून झाली. पुण्यासारखी शहरं त्यानंतर जोडली गेली. ज्या गावात केंद्र नव्हतं, तिथल्या माणसाला जवळच्या शहरात एसटीडी लावूनच इंटरनेट मिळे. एसटीडीचे दर तेव्हा काय होते, ते तुम्हाला आठवत असेलच. आपण रात्री उशिरा, दर उतरल्यावर, घड्याळाकडे बघत बोलायचो.

विद्यार्थ्यांसाठी वर्षाला पाचशे रुपयांचं स्वस्त खातं होतं, पण त्यात पडद्यावर नुसती अक्षरं दिसत. चित्रं बघायची तर वर्षाला हजारो रुपये आणि तेही ठरावीक तासांपुरते. सुरुवातीचा वेग होता सेकंदाला ९.६ किलोबिट. आजच्या भाषेत सांगायचं तर एक एमबीचा एक फोटो उतरायला साधारण चौदा मिनिटं. लग्नाचे शंभर फोटो कुणी पाठवले असते तर रात्रंदिवस मोडेम चालू ठेवूनही पूर्ण एक दिवस लागला असता.

मोडेम म्हणजे काय? टेलिफोनची तार माणसाचा आवाज वाहून नेण्यासाठी बनलेली होती. कॉम्प्युटरची भाषा आकड्यांची. मोडेम त्या आकड्यांचा आवाज करून तारेत सोडी आणि पलीकडून आलेल्या आवाजाचे पुन्हा आकडे करी. कनेक्शन लागताना जो किरकिराट ऐकू येई, तो दोन मोडेमच्या बोलण्याचा होता. तार एकच आणि तीही आवाजाने भरलेली, त्यामुळे इंटरनेट चालू असताना घरचा फोन बंद. दुसऱ्या खोलीतल्या फोनचा रिसीव्हर कुणी उचलला की इंटरनेट तुटायचं आणि आतून ओरडा ऐकू यायचा.

खर्चही दुहेरी. इंटरनेटच्या तासांचे पैसे वेगळे आणि फोनच्या कॉलचे वेगळे. तीन मिनिटांच्या युनिटला १ रुपया २० पैसे असा स्थानिक कॉलचा दर धरला, तर एका तासाची वीस युनिटं, म्हणजे २४ रुपये. पुढे इंटरनेटसाठी १७२ ने सुरू होणारे खास नंबर आले आणि त्यांना सवलतीचा दर मिळाला. तरी मीटर पडतच होतं.

आता विचार करा, ज्या गोष्टीला मिनिटामिनिटाला पैसे पडतात, ती घरात कोण वापरेल? ज्याच्याकडे 'काम' आहे तो. इंजिनिअरिंगला गेलेला मुलगा, नाहीतर ऑफिसची ईमेल बघणारे घरातले पुरुष. आपल्यासारखीला त्यासमोर बसायचं कारणच नव्हतं. उलट आपल्या हातातली एक गोष्ट जात होती. माहेरून, बहिणीकडून येणारा फोन तेवढा वेळ लागायचा नाही. "तासभर फोन एंगेज येतोय, सगळं बरं आहे ना?" हे वाक्य त्या काळी कितीतरी घरांत ऐकू आलं असेल. म्हणजे एका तारेवर दोन माणसांचा हक्क होता आणि एकाला मिळालं की दुसरीचं जायचं.

नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारने खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवा देण्याची परवानगी दिली. दर उतरले, वेगही वाढला. ५६ किलोबिटचा मोडेम आला. गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. पण माप तासाचंच राहिलं.

केबलवाल्याची तार

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत २००० सालाच्या सुमारास आणखी एक वाट निघाली. टीव्हीसाठी घरात केबल आलेलीच होती. काही केबल कंपन्यांनी त्याच मार्गाने इंटरनेट द्यायला सुरुवात केली. काही ठिकाणी स्थानिक केबलवाल्याने इमारतींच्या गच्चीवरून निळी-करडी तार फिरवली, मध्ये एक स्विचची पेटी बसवली आणि इमारतीतले दहा-वीस कॉम्प्युटर एकमेकांना जोडून टाकले. या पद्धतीत फोन मोकळा राहायचा, ही मोठी सोय.

पण हे इंटरनेट सगळ्या इमारतीचं सामाईक. संध्याकाळी सगळे घरी आले की वेग मंदावायचा. पावसाळ्यात विजा चमकल्या की गच्चीवरच्या तारेतून धक्का येऊन कॉम्प्युटरमधलं कार्ड जळायचं. ढग दाटले की तार उपसून ठेवायची, हा कामाचा एक भागच होता. तरीही 'एक जोडणी अनेकांत वाटता येते' हे आपल्या लोकांनी पहिल्यांदा पाहिलं ते बहुधा इथेच, केबलवाल्याच्या स्विचवर.

२००५ : एकाच तारेवर फोनही आणि इंटरनेटही

१४ ऑक्टोबर २००४ रोजी केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केलं. त्यात ब्रॉडबँड म्हणजे कमीत कमी २५६ किलोबिटचा, सतत चालू असणारा वेग, अशी व्याख्या केली होती. 'सतत चालू' हा भाग महत्त्वाचा. आता नंबर फिरवायला नको होता. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने 'डेटावन' आणि मुंबई-दिल्लीसाठी एमटीएनएलने 'ट्रायबँड' सुरू केलं.

या सेवेला डीएसएल म्हणतात. युक्ती अशी, की माणसाचा आवाज तांब्याच्या तारेतला फार थोडा भाग वापरतो, साधारण चार हजार कंपनांपर्यंतचा. त्याच्या वरची जागा रिकामीच पडलेली होती. डीएसएलने इंटरनेट त्या वरच्या जागेतून नेलं. घरात तार आली की तिथे एक छोटी डबी लावायची, स्प्लिटर. ती आवाज फोनकडे आणि इंटरनेट मोडेमकडे पाठवी. आपल्या दृष्टीने ती डबी म्हणजे घरातला एक तंटा मिटवणारी डबी होती. मुलगा इंटरनेटवर आणि आई फोनवर, दोघं एकाच वेळी, एकाच तारेवर.

धोरणाने २०१० पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. प्रत्यक्षात आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास पोहोचला. देशातल्या घराघरांत गेलेल्या तांब्याच्या तारा मुख्यतः दोन सरकारी कंपन्यांच्या ताब्यात होत्या. त्या तारा इतर कंपन्यांनाही वापरू द्याव्यात, अशी शिफारस ट्राय या नियामक संस्थेने २००४ मध्ये केली होती. ती स्वीकारली गेली नाही. शिवाय लोक घरचा फोन काढून मोबाइल घेत होते. फोन गेला की तार गेली आणि तार गेली की डीएसएलही गेलं.

एमबीचा हिशोब

आता तास गेले आणि एमबी आले. बीएसएनएलच्या २५० रुपयांच्या लोकप्रिय प्लॅनमध्ये काही काळ महिन्याला १ जीबी मिळत असे. १ जीबी म्हणजे १०२४ एमबी. तीस दिवसांत वाटले तर रोजचे ३४ एमबी. २५६ किलोबिटच्या पूर्ण वेगाने हा रोजचा शिधा जेमतेम एकोणीस मिनिटांत संपतो.

पुढे गंमत झाली. १ जानेवारी २००७ पासून सरकारी कंपन्यांनी वेग २ मेगाबिटपर्यंत वाढवला, म्हणजे आठपट. लोक खूश झाले. पण १ जीबीची मर्यादा तशीच असेल, तर आता रोजचा शिधा सव्वादोन मिनिटांत संपणार! तोटी मोठी झाली आणि हंडा तेवढाच राहिला. वेग वाढणं आणि इंटरनेट जास्त मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे कळतं.

मर्यादा ओलांडली की पुढच्या प्रत्येक एमबीला वेगळे पैसे पडायचे. समजा एमबीला एक रुपया धरला आणि महिन्यात ५०० एमबी जास्त गेले, तर २५० च्या प्लॅनवर ५०० चा वरखर्च. ज्या घरांत बिल हातात आल्यावर "कुणी वापरलं?" अशी चौकशी बसली, ती घरं थोडी नव्हती. कोणीच कबूल होत नसे आणि पुष्कळदा कोणी खोटंही बोलत नसे. कॉम्प्युटर नुसता चालू असला तरी आतल्या आत स्वतःचे नवे भाग उतरवून घ्यायचा, मीटर पडत राहायचं. शेवटी मोडेमचं बटण भिंतीवरूनच बंद करायची सवय लागली.

५०० रुपयांच्या प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ मोफत वापराची सोय होती. त्यामुळे मुलं पहाटे दोनचा गजर लावून मोठ्या फायली उतरवायला टाकत आणि पुन्हा झोपत. अमर्यादित प्लॅनही होता, पण तो ९०० रुपयांचा आणि वेग २५६ किलोबिटच.

या काळात एमबीचा मालक ठरलेला असे. ज्याने बिल भरायचं, त्याला विचारून वापरायचं. ज्या घरांत दुकानाचे हिशोब घरच्या कॉम्प्युटरवर होत, तिथे तर आधी दुकान, मग मुलांचा अभ्यास आणि उरलं तर बाकीचे. बाकीच्यांत आपण.

वाटणी होते कशी?

याच सुमारास घरात दुसरा कॉम्प्युटर येऊ लागला आणि प्रश्न पडला, की एक कनेक्शन दोघांना कसं द्यायचं?

आधी पत्त्याची गोष्ट समजून घेऊ. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो, जसा पत्राला लागतो. जुन्या पद्धतीत असे जेमतेम ४२९ कोटी पत्ते होते. जगातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला, फोनला वेगळा पत्ता द्यायला ते पुरणार नाहीत, हे १९९० च्या दशकातच लक्षात आलं. मग १९९४ मध्ये एक तोडगा प्रसिद्ध झाला. त्याचं नाव नॅट.

आपल्या एकत्र कुटुंबाच्या वाड्यासारखं ते काम आहे. पोस्टमनला वाड्याचा एकच पत्ता माहीत. आत पंचवीस माणसं. पत्र दारात येतं आणि घरातलं कुणी वडीलधारं ते ज्याचं त्याला नेऊन देतं. राऊटर म्हणजे ते दारातलं माणूस. आतल्या कोणत्या यंत्राने बाहेर काय मागितलं, याची नोंद तो ठेवतो आणि उत्तर आलं की नोंद बघून त्या यंत्राकडे पोचवतो. घरातल्या यंत्रांना तो आतल्या आत क्रमांक देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे. तुमच्या घरी हेच आकडे आणि माझ्या घरीही हेच. ते घराबाहेर जातच नसल्यामुळे गोंधळ होत नाही.

सुरुवातीला हे काम एखाद्या कॉम्प्युटरकडून करून घेत. १९९९ च्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत कनेक्शन वाटण्याची सोय आली होती. तोटा असा, की तो मुख्य कॉम्प्युटर बंद झाला की बाकीच्यांचं इंटरनेट बंद. मग हेच काम करणारी वेगळी, स्वस्त पेटी आली, ती राऊटर. मागे चार खाचा, चार कॉम्प्युटरना चार तारा.

आणि मग तारेचीही गरज उरली नाही. वायफायचं मूळ तंत्र १९९७ मध्ये ठरलं आणि १९९९ मध्ये त्याची वेगवान आवृत्ती आली. पण रेडिओ लहरी वापरायच्या तर आपल्याकडे सरकारी परवाना लागतो. जानेवारी २००५ मध्ये सरकारने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीची यंत्रं वापरायला परवान्याची अट काढून टाकली. म्हणजे बघा, डेटावन सुरू झालं त्याच महिन्यात घरातलं वायफायही मोकळं झालं. दोन वेगवेगळ्या फायली, पण आपल्या घरात येऊन त्या एकत्र झाल्या.

बिनतारी झाल्याचा फायदा नुसता तारा वाचण्याचा नव्हता. पूर्वी इंटरनेट एका टेबलावर होतं आणि ते टेबल सहसा मुलाच्या खोलीत असे. आता ते स्वयंपाकघरातही पोचलं.

उघडं दार

वाटणीला दुसरी बाजूही आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्या वेळी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या वायफायवरून गेल्याचं तपासात निघालं. त्या वायफायला पासवर्डचं संरक्षण नव्हतं आणि दुसऱ्याच कुणी ते वापरलं होतं. पुढे जानेवारी २००९ मध्ये मुंबईचे पोलीस उघडी वायफाय शोधत फिरले आणि सरकारनेही इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांचं वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना दिल्या.

वाड्याची उपमा इथेही लागू पडते. बाहेरच्याला वाड्याचा एकच पत्ता दिसतो. आतल्या कुणी, किंवा आत शिरलेल्या परक्याने, काही केलं तर पहिला जाब घरमालकाला. म्हणून कनेक्शन ज्याच्या नावावर आहे, त्याची जबाबदारी नुसती बिलापुरती नसते.

सुरुवातीची वायफायची कुलपंही कच्ची होती. डब्ल्यूईपी नावाचं पहिलं कुलूप २००१ मध्येच फोडता येतं हे सिद्ध झालं. आज राऊटरमध्ये डब्ल्यूपीए२ किंवा त्याहून नवं डब्ल्यूपीए३ असायला हवं. तंत्रज्ञ पेटी बसवायला आला की त्याला हे एवढं विचाराच.

वेगाचा हिशोब

हळूहळू प्लॅनचा आणखी एक प्रकार आला. त्यात ठरलेली मर्यादा संपली तर जादा पैसे लागत नाहीत, फक्त वेग कमी होतो. याला कंपन्या एफयूपी म्हणतात. कागदावर ही साधी सवलत दिसते. पण घरखर्च चालवणाऱ्या बाईला विचारा! महिन्याचं बिल पहिल्यांदाच ठरलेलं झालं. आता कुणी जास्त वापरलं तर घराचा खर्च वाढत नव्हता. आणि जिथे खर्च वाढत नाही, तिथे विचारून वापरावं लागत नाही. माझ्या मते आपल्या घरातलं इंटरनेट खऱ्या अर्थाने सगळ्यांचं झालं, ते या बदलामुळे.

जुलै २०१३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या २५६ वरून ५१२ किलोबिट झाली. जानेवारी २०२३ मध्ये ती २ मेगाबिट झाली. तोवर बाजार व्याख्येच्या कितीतरी पुढे गेला होता. काचेच्या तंतूतून, म्हणजे फायबरमधून, इंटरनेट येऊ लागलं. तांब्याच्या तारेत अंतर वाढलं की वेग घसरतो, टेलिफोन केंद्रापासून लांब राहणाऱ्याला तोटा. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, त्याला गावातल्या अंतराचा फारसा फरक पडत नाही आणि जोडपेटीत पाणी शिरून खरखर होण्याचाही प्रश्न नाही.

५ सप्टेंबर २०१९ रोजी जिओफायबर व्यावसायिकरीत्या सुरू झालं, तेव्हा सर्वांत लहान प्लॅन ६९९ रुपयांना १०० मेगाबिटचा होता आणि त्यालाही जीबीची मर्यादा होती. वर्षभराने, सप्टेंबर २०२० पासून, ३९९ रुपयांना ३० मेगाबिटचा अमर्यादित प्लॅन आला. एअरटेलनेही त्याच महिन्यात ४९९ चा आणला. अमर्यादितलाही बारीक अक्षरांत मर्यादा असते, पुष्कळदा महिन्याला ३३०० जीबी. पण घरगुती वापरात तिथवर पोचणं कठीण. आता माप फक्त वेगाचं उरलं.

२०२० : सगळे घरात

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळ्या वाटणीची परीक्षा झाली. दोन मुलांच्या शाळा, सुनेचं ऑफिस, दुकानाचं जीएसटीचं विवरण आणि मंदिरं बंद म्हणून महाराजांचं प्रवचन, सगळं एकाच वेळी, एकाच कनेक्शनवर. तोवर आपण बघत होतो ते आपल्याकडे येणाऱ्या इंटरनेटचं. आता घरातून बाहेर पाठवायचंही होतं, आपला चेहरा, आपला आवाज. जुन्या डीएसएलमध्ये येण्याचा रस्ता रुंद आणि जाण्याचा अरुंद ठेवलेला असे. दोघांचे व्हिडिओ वर्ग एकदम चालू झाले की तिसऱ्याचा आवाज तुटायचा, त्याचं कारण बहुधा हेच होतं.

आणि तुटलं की कुणी थांबायचं? मुलांची परीक्षा महत्त्वाची, ऑफिसची मीटिंग महत्त्वाची. आईचा फोन मुलाच्या वर्गासाठी जायचा आणि प्रवचन अर्ध्यात सुटायचं. कुणी दुष्टपणे केलं नाही, पण वाटणीची सवय जुनी होती. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर तीन स्त्रियांपैकी एकीनेच कधी तरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. पुरुषांत हेच प्रमाण निम्म्याहून जास्त होतं. तार घरात येणं आणि ती घरातल्या बाईपर्यंत पोचणं यांत अजून अंतर आहे, असाच त्याचा अर्थ.

आज निवड करताना

एवढा इतिहास पाहिल्यावर प्लॅन निवडणं सोपं जातं. मी असा हिशोब मांडते.

पहिलं, वेगाचं गणित. जाहिरातीतला वेग बिटमध्ये असतो आणि फायली बाइटमध्ये मोजतात. म्हणून आठने भागा. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. मग घरात सगळ्यांत जास्त गर्दीच्या वेळी काय चालतं ते लिहून काढा. एका व्हिडिओ कॉलला साधारण ३ मेगाबिट, टीव्हीवरच्या एका स्पष्ट चित्रपटाला ५. दोन कॉल, एक टीव्ही आणि दोन फोन धरले तरी वीसच्या आत. म्हणजे बहुतेक घरांना ४०-५० मेगाबिट भरपूर होतात. ३०० चा आग्रह धरणाऱ्याला हे गणित दाखवा.

दुसरं, पाठवण्याचा वेग. "अपलोड किती?" हे स्पष्ट विचारा. फायबरवर तो बहुधा येण्याच्या वेगाइतकाच असतो, पण गृहीत धरू नका.

तिसरं, खरं बिल. जाहिरातीतल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो. ४९९ चे ५८९ होतात. सहा महिन्यांचे एकदम भरल्यावर मिळणारी सूट, बसवण्याचा खर्च, राऊटर तुमचा की कंपनीचा, हे सगळं धरून महिन्याची सरासरी काढा. सोबत चित्रपटांची ॲप फुकट देतो म्हणाले, तर ती घरात कोण बघणार, हे आधी ठरवा.

चौथं, शेजाऱ्यांचा अनुभव. फायबरची एक मुख्य तार पुष्कळदा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. म्हणून कंपनीपेक्षा तुमच्या इमारतीत संध्याकाळी काय मिळतं आणि तक्रारीवर माणूस किती वेळात येतो, हे खालच्या मजल्यावरच्या ताईंना विचारलेलं जास्त उपयोगी.

पाचवं, वीज. जुन्या टेलिफोनला केंद्रातूनच ४८ व्होल्टची वीज येई, म्हणून भारनियमनातही फोन चालायचा. फायबरची पेटी मात्र घरच्या विजेवर चालते. तिच्यासाठी लहान बॅटरीची पेटी मिळते, ती घेऊन ठेवा. घरात एकटं राहणारं वयस्कर माणूस असेल तर नक्कीच.

सहावं, राऊटरची जागा. तंत्रज्ञ सोयीची म्हणून दारामागे पेटी ठोकतो आणि जातो. पेटी घराच्या मध्यावर, उंचावर हवी. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि मायक्रोवेव्ह यांच्यापासून लांब हवी. २.४ ची लहर भिंतीतून लांबवर जाते, ५ ची वेगवान पण जवळच्या जवळ. म्हणून दूरच्या खोलीतल्या फोनला २.४ आणि पेटीजवळच्या टीव्हीला ५. टेबलावरचा कॉम्प्युटर एका जागी असतो, त्याला सरळ तारच जोडा. वायफाय तेवढं मोकळं होतं.

आणि एक शेवटचं, जे कुठल्या माहितीपत्रकात मिळणार नाही. वायफायचं नाव, पासवर्ड, ग्राहक क्रमांक आणि बिलाची तारीख तुमच्या हिशोबाच्या वहीत तुमच्या हाताने लिहून ठेवा. पेटी बसवायला माणूस येईल तेव्हा तिची जागा तुम्ही सांगा. दुपारी आपण जिथे बसतो, तिथे फोन घेऊन उभ्या राहा आणि तिथे वेग येतो का, हे त्याच्यासमोर तपासा. तो निघण्याआधी तपासा, नंतर नाही.